‘गंडा बांधणे’ आणि ‘गंडा घालणे’: एकाच शब्दाचे दोन जन्म कसे झाले?

उंबरठा

गेल्या रविवारी सकाळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका निवृत्त शिक्षकांना अकरा लाखांचा ऑनलाइन गंडा घातल्याची बातमी वाचत होतो, आणि त्याच वेळी समोर भाच्याच्या गंडाबंधनाची निमंत्रणपत्रिका पडलेली होती. भाचा नऊ वर्षे तबला शिकतो आहे आणि आता त्याचे गुरुजी त्याला रीतसर शिष्य म्हणून स्वीकारणार आहेत. पत्रिका वाचून पत्नीने विचारले, की फसवणूक झाली तरी गंडा आणि गुरूने पदरात घेतले तरी गंडा, हे कसे? मला तेव्हा उत्तर देता आले नाही. आठवडाभर हा शब्द डोक्यातून गेला नाही, म्हणून जे सुचले ते येथे मांडतो.

माझ्या लहानपणी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गंडा या शब्दाला एकच अर्थ होता. एक दिवसाआड थंडी वाजून ताप येऊ लागला, की आजी आम्हाला एका वृद्ध गृहस्थांकडे नेत असे. ते काळ्या सुताचे पदर पिळून दोरा करीत, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत एकेक गाठ मारीत, दोरा उदाच्या धुरावर धरीत आणि मग उजव्या दंडाला बांधीत. ते पैसे घेत नसत, नारळ मात्र घेत. आजी घरी कधी ‘दोरा’ म्हणाली नाही, ती ‘गंडा’ म्हणे, आणि तो ओला होऊ नये म्हणून आमच्या अंघोळीवर लक्ष ठेवी.

म्हणजे तीन अर्थ समोर आहेत: मंतरलेला गाठींचा दोरा, गुरूने शिष्याला बांधायचा दोरा आणि फसवणूक. पहिल्यावरून दुसरा कसा निघाला, हे समजण्यासारखे आहे. तिसऱ्याच्या बाबतीत मला एक गोष्ट जाणवली. चांगल्या अर्थाने आपण गंडा ‘बांधतो’ आणि वाईट अर्थाने ‘घालतो’. ‘त्याने मला लाखाचा गंडा बांधला’ असे कोणी म्हणत नाही आणि ‘गुरुजींनी गंडा घातला’ असे म्हटले तर ऐकणारा दचकेल. शब्दाचे नशीब त्याच्या क्रियापदाने ठरवले, असे माझे मत झाले आहे. जाणकारांनी यात भर घालावी आणि चूक असल्यास दाखवावी.

गोदातीर

विषय फार चांगला काढलात. मला तरी मूळ सरळ दिसते. गंड्यात गाठी असतात आणि गाठीला संस्कृतात ग्रंथी म्हणतात, तेव्हा ग्रंथीवरूनच गंडा आला असावा.

शिवाय गाठी मारून रक्षण करण्याची रीत केवळ मांत्रिकांची नाही, हेही लक्षात घ्यावे. अनंत चतुर्दशीला दंडावर बांधायच्या अनंताच्या दोऱ्याला चौदा गाठी असतात. ज्येष्ठा गौरींच्या तिसऱ्या दिवशी आमच्या घरी सुताला हळद लावून गाठी पाडतात आणि तो दोरा घरच्या बायका गळ्यात घालतात. श्रावणी पौर्णिमेचे पोवते हाही सुताचाच प्रकार आहे. पण यांपैकी एकालाही आपण गंडा म्हणत नाही, हे विशेष वाटते.

शब्दशोधिनी

गोदातीर, तुमचे शेवटचे निरीक्षण मोलाचे आहे, परंतु व्युत्पत्तीबद्दल मी असहमत आहे. ग्रंथीचे प्राकृतात ‘गंठि’ झाले आणि गंठिचे मराठीत ‘गाठ’ झाले. गाठोडे, गठडी, गाठणे ही सगळी त्याच घरातली मंडळी आहेत आणि त्या सर्वांत ‘ठ’ टिकून आहे. गंडा त्याच वाटेने आला असता तर त्यातही ‘ठ’ दिसायला हवा होता.

मला ‘गंड’ या दुसऱ्या संस्कृत शब्दाची वाट अधिक पटते. गंड म्हणजे फुगवटा, गाल, गळू, टेंगूळ. हत्तीचे गंडस्थळ, गळ्याचा गलगंड, गळ्याभोवती गाठींची माळ उठते ती गंडमाळ, हे शब्द आपण आजही वापरतो. फुगीर भागावरून हाच शब्द पेरावर, सांध्यावर गेला. उसाच्या गंडेऱ्या आठवून पाहा. पेरे असलेला ऊस आणि ठरावीक अंतराने गाठी मारलेला दोरा शेजारी ठेवले, तर दोन्हींचे रूप सारखेच दिसते.

याच घराचा आणखी एक सदस्य आपल्या रोजच्या भाषेत आहे आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ज्योतिषात रेवती, आश्लेषा आणि ज्येष्ठा या नक्षत्रांचा शेवट व त्यांच्या पुढच्या अश्विनी, मघा आणि मूळ यांचा आरंभ हा काळ ‘गंडांत’ मानतात, कारण तेथे नक्षत्र आणि रास दोन्ही एकदम संपतात. तो सांधा अशुभ समजला गेला. मराठीत त्याचे ‘गंडांतर’ झाले आणि आता ‘मंत्रिपदावर गंडांतर’ असे मथळे येतात. जन्मवेळेच्या सांध्यावर बोलला जाणारा शब्द मंत्रिपदाला लागला आणि दंडावरचा दोरा बँकखात्याला लागला, तेव्हा या कुळातल्या शब्दांना घर सोडून हिंडण्याची सवयच दिसते.

सीमाभाग

बेळगावकडून लिहितो आहे. कानडीत ‘गंड’ म्हणजे नवरा, पुरुष, आणि आमच्याकडे दोन्ही भाषा घरात असल्यामुळे लहानपणी हा घोटाळा होत असे, पण त्या शब्दाचा या दोऱ्याशी संबंध जोडण्यासारखे काही मला दिसत नाही. बंगालीतल्या ‘गंडा’ या मोजमापाचेही तसेच आहे. चार कवड्यांचा एक गंडा आणि वीस गंड्यांचा एक पण, असा तो हिशेब होता. तो शब्द केवळ दिसायला सारखा आहे.

मात्र गंड्याच्या जोडीदाराबद्दल बोलायला हवे. आपण ‘गंडे-ताईत’ म्हणतो, हिंदीवाले ‘गंडा-तावीज’ म्हणतात. यातला गंडा इथल्या मातीतला आणि ताईत अरबी ‘तअवीज’ या शब्दावरून आलेला. त्या अरबी शब्दाच्या मुळाचा अर्थ आश्रय मागणे, शरण जाणे असा आहे, आणि कुराण वाचण्यापूर्वी मुसलमान ‘अऊजु बिल्लाह’ म्हणजे ‘मी अल्लाहचा आश्रय घेतो’ असे म्हणतात, त्यातही तेच मूळ आहे. हिंदी-उर्दूत शेवटचे अक्षर ‘ज’ राहिले, मराठीत तेथे ‘त’ आला. कानडीत ‘तायित’, तेलुगूत ‘तायेत्तु’, तमिळमध्ये ‘तायत्तु’ आहे. म्हणजे या शब्दाच्या बाबतीत आपण उत्तरेपेक्षा दक्षिणेच्या रांगेत उभे आहोत. काही जण ताईतचा संबंध ‘ताई’शी आणि तमिळमध्ये आई या अर्थाच्या ‘ताय्’शी जोडतात, कारण मुलाला तो आईच बांधते. कल्पना गोड आहे, पण तिला आधार नाही.

षड्ज

गंडाबंधनाबद्दल थोडे लिहितो, कारण माझ्या हातावरही तो बांधला गेला आहे.

समारंभ साधा असतो. गुरू शिष्याच्या मनगटाला दोरा बांधतात, त्याला गूळ आणि चणे भरवतात, शिष्य यथाशक्ती नजराणा देतो, आणि ज्येष्ठ कलावंतांच्या साक्षीने तो त्या घराण्याचा होतो. चणे का, याचे उत्तर मला असे मिळाले, की पुढचा रियाज लोखंडाचे चणे चावण्यासारखा कठीण आहे, ते आजच कळावे. हिंदुस्थानी संगीतात हिंदू-मुसलमान अशा दोन्ही घरांत हा विधी त्याच नावाने होतो आणि असा शिष्य ‘गंडाबंध शागीर्द’ म्हणवला जातो. आपल्याकडे ही परंपरा रुजली, त्यात कोल्हापूरचा मोठा वाटा आहे. अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातून येऊन शाहू महाराजांच्या दरबारी राहिले, नंतर मुंबईला गेले, आणि गोव्याच्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनी त्यांच्याकडून जयपूर-अत्रौली घराण्याची विद्या घेतली. त्या काळात गंडा बांधल्याशिवाय घराण्याच्या खास बंदिशी शिष्याला मिळत नसत. दोरा बांधणे हा गुरूने केलेला करार होता आणि त्यात दोघेही बांधले जात.

म्हणून मला वाटते, की संगीतातल्या गंड्याने दोऱ्यातली जादू टाकली आणि बंधन तेवढे ठेवले. मांत्रिकाच्या गंड्यात दोरा काम करतो, रोग्याला काही करावे लागत नाही. गुरूच्या गंड्यात दोरा काहीच करीत नाही, सगळे शिष्याने करायचे असते.

पाटीपेन्सिल

‘कुणाच्या तरी नावाचा गंडा बांधणे’ हा प्रयोग राहून गेला. एखादा माणूस एका नेत्याचा किंवा बुवाचा कट्टर अनुयायी झाला, की ‘याने त्यांच्या नावाचा गंडा बांधला आहे’ असे आमचे वडील म्हणत. येथे क्रियापद ‘बांधणे’ आहे, पण सूर कौतुकाचा नसतो. तेव्हा उंबरठा यांचा क्रियापदाचा नियम सरसकट लागू होईल असे वाटत नाही.

शब्दशोधिनी

पाटीपेन्सिल यांची हरकत योग्य आहे, पण नियम त्याने मोडत नाही, उलट नेमका होतो. त्या वाक्यात माणूस स्वतःच्या हाताने स्वतःला बांधून घेतो, त्यात कोणी त्याला फसवत नाही. फसवणुकीच्या अर्थासाठी ‘घालणे’ लागते, आणि ते का लागते याचे उत्तर मला आपल्या भाषेतल्या फसवणुकीच्या इतर वाक्प्रचारांत सापडते.

टोपी घालणे, शेंडी लावणे, चुना लावणे, तोंडाला पाने पुसणे. हे सगळे एका रांगेत मांडून पाहा. प्रत्येकात फसणाऱ्याच्या अंगावर काहीतरी चढवले किंवा माखले जाते आणि तो ते चढवू देतो. डोक्यावर टोपी, शेंडीच्या जागी शेंडी, तोंडाला पाने. मराठी माणसाला फसवणूक ही खिशातून काही जाण्यापेक्षा अंगावर काही येण्याच्या रूपात दिसत आली आहे. गंडा घालणे या रांगेत अगदी सहज बसते, कारण गंडा खरोखरच गळ्यात घालायची वस्तू आहे. भोंदू माणूस दोरा घालतो, पैसे घेतो आणि गुण येत नाही. घरी परतणाऱ्याच्या गळ्यात तो दोरा तसाच असतो, म्हणजे त्याच्या फसवणुकीची खूण तोच मिरवत असतो. हा प्रसंग गावोगावी इतक्यांदा घडला असणार, की वाक्प्रचार व्हायला वेगळे काही घडण्याची गरज नव्हती. ‘गंडवणे’ आणि ‘गंडणे’ ही क्रियापदे त्याच्या पाठोपाठ आली, असे मी मानते.

रानवाट

मी आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा वर्षे डॉक्टर म्हणून काम केले आहे. भाषेचा अभ्यास माझा नाही, पण हा शब्द माझ्यापुढे रोज येत असे.

मूल तापाने फणफणलेले असताना त्याच्या दंडावर दोन-तीन गंडे असत. सुरुवातीला मी ते कापायला सांगत असे. एका आईने तेव्हा मला विचारले, की तुमची सुई वेगळ्या हाताला टोचता येणार नाही का? त्यानंतर मी कधीही कोणाचा गंडा कापायला लावला नाही. माझे भांडण त्या दोऱ्याशी नव्हते, दोऱ्यापाशी थांबून राहण्याशी होते. साप चावलेला एक तरुण आमच्याकडे सहा तासांनी आला. चावलेल्या जागेच्या वर आवळून गंडा बांधलेला होता, पाय काळानिळा झाला होता, आणि आधी गावातच उतारा चालला होता. असे आवळल्याने विष तर थांबत नाहीच, त्या अवयवाचा रक्तपुरवठा मात्र तुटतो. तो वाचला, पण पायाचा काही भाग गेला. घरच्यांना मी दोष दिला नाही, कारण वाहन मिळायलाच त्यांना तीन तास लागले होते आणि तेवढा वेळ हात बांधून बसणे कोणत्या बापाला जमेल?

म्हणून ‘गंडा घालणे’ म्हणजे केवळ पैशांची फसवणूक, असे वाचले की मला अपुरे वाटते. पैसे पुन्हा मिळवता येतात, पण त्या सहा तासांत पायाचे जे गेले ते परत येण्यासारखे नव्हते.

तळटीप

रानवाट यांच्या अनुभवाला जोडून सांगतो, की हा शब्द आता कायद्याच्या भाषेतही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच राज्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपचार करणे हे कृत्य गुन्हा म्हणून नमूद आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. दोरा बांधणे हा येथे गुन्हा नाही, उपचारापासून रोखणे हा गुन्हा आहे, म्हणजे रानवाट यांनी त्या आईकडून जे शिकले तीच रेषा कायद्याने आखली आहे.

केंद्राचा जादूच्या उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा १९५४चा कायदा याआधीचा आहे. त्याच्या इंग्रजी मजकुरात ‘मंत्र’ आणि ‘कवच’ हे शब्द जसेच्या तसे आहेत, गंडा मात्र नाही. संस्कृत शब्द दिल्लीच्या कायद्यात पोचला आणि गावचा शब्द मुंबईच्या कायद्यात, हे मला सूचक वाटते.

गोदातीर

शोधिनीताई, व्युत्पत्तीचा मुद्दा मान्य आहे. गाठ आणि गंडा वेगळ्या घरचे, हे पटले.

वस्तू शब्दापेक्षा पुष्कळ जुनी आहे, एवढे जोडतो. अथर्ववेदात जंगिड मणी आणि शंखमणी यांची सूक्ते आहेत, म्हणजे अंगावर बांधायच्या रक्षणाच्या वस्तूंना उद्देशून केलेल्या प्रार्थना आहेत. रक्षणासाठी बांधायच्या सूत्राला संस्कृतात ‘प्रतिसर’ असा शब्द होता, तो मराठीत टिकला नाही. ‘रक्षा’ मात्र टिकली आणि तिचा प्रवास गंड्याइतकाच लांबचा आहे. रक्षा म्हणजे संरक्षण, मग रक्षणासाठी बांधायचा दोरा, त्यावरून राखी. रक्षणासाठी कपाळाला लावायचे भस्म तेही रक्षा, त्यावरून राख. बहिणीने बांधलेली राखी आणि चुलीतली राख एकाच शब्दातून निघाल्या आणि आता अस्थींबरोबर आपण ‘रक्षाविसर्जन’ करतो. ज्या शब्दाने मरण दूर ठेवायचे, तोच शब्द मरणानंतरच्या राखेला लागला.

चौथीतास

महाविद्यालयात मराठी शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी गंडा हे नाम जवळजवळ नाहीच, क्रियापद मात्र सतत आहे. ‘पेपर गंडला’, ‘नेटवर्क गंडलंय’, ‘सगळा प्लॅन गंडला’. यात कोणी कोणाला फसवलेले नसते, केवळ काहीतरी बिघडलेले असते. फसवणारा वाक्यातून निघून गेला आणि बिघाड तेवढा उरला. एका वर्गात मी गंडा म्हणजे काय हे विचारले तेव्हा साठापैकी चौघांनी दोरा असे उत्तर दिले, आणि त्यांतले दोघे तबला-पेटी शिकणारे होते.

‘भारणे’ या शब्दाचीही अशीच गत झाली आहे. मंत्राने भारलेला दोरा, भारलेले पाणी, हा मूळ अर्थ विद्यार्थ्यांना माहीत नसतो, पण भाषण ऐकून ते ‘भारावून’ जातात. मांत्रिकाची भाषा आपण सगळेच बोलतो, फक्त ती त्याची आहे हे विसरलो आहोत.

सीमाभाग

मला एक प्रश्न पडला आहे. तोडगा, ताईत आणि गंडा हे तिन्ही शब्द एकाच बाजारातले. तोडगा म्हणजे दृष्टीवर, दुखण्यावर करायचा उपाय, आणि आज ‘संपावर तोडगा निघाला’ असे वाचून सर्वांना बरे वाटते. ताईत तर ‘गळ्यातला ताईत’ होऊन लाडका झाला. मग एकटा गंडाच बदनाम का व्हावा?

उंबरठा

इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. रानवाट, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला.

सीमाभाग यांच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. तोडग्याचे कारण त्या शब्दाच्या वापरातच आहे. तोडगा ‘काढावा’ लागतो, म्हणजे त्यासाठी कोणाला तरी डोके चालवावे लागते, आणि तो निघाला की अडलेले काम सुटते, मग ते दुखणे असो वा संप. ताईताची गोष्ट वेगळी आहे. ताईत म्हणजे पेटी असते, तांब्याची, चांदीची, ऐपत असेल तर सोन्याची. आतल्या मंत्रावर विश्वास नसला तरी बाहेरची पेटी दागिना म्हणून उरते आणि ती छातीवर, काळजाजवळ असते. लाडक्या माणसासाठी याहून चांगली उपमा मिळणे अवघड होते. गंड्याकडे मात्र सुताशिवाय काहीच नाही. त्याची सगळी किंमत बांधणाऱ्याच्या शब्दात असते. बांधणारा खरा असेल तर तो मनगट शिष्यत्वाने बांधतो, खोटा असेल तर दोन पैशांच्या सुताला अकरा लाख मोजून घेतो. वस्तूला स्वतःचे मोल नसल्यामुळे देणाऱ्याची नियत तिच्यात उतरली, असे मला वाटते. गोदातीर यांनी विचारले होते, की अनंताच्या दोऱ्याला गंडा का म्हणत नाहीत. तेथे दोरा देवाचा असतो, गाठींची संख्या व्रताने ठरलेली असते, आणि मध्ये पैसे घेणारा माणूस नसतो.

भाच्याचे गंडाबंधन काल झाले. गुरुजींनी लाल-पिवळा दोरा बांधला, गूळ-चणे भरवले आणि लगेच तबला पुढे ओढून त्याच्याकडून अर्धा तास ‘कायदा’ हा तबल्यातला रचनाप्रकार वाजवून घेतला. दोरा किती दिवस ठेवायचा, असे त्याच्या आईने विचारले, तेव्हा ते म्हणाले की झिजून आपोआप पडेल तेव्हा पडू द्या, उद्या सकाळी सहा वाजता मात्र याला पाठवा. आमची आजीही ताप उतरल्यावर गंडा काढू देत नसे, तो आपोआप तुटेपर्यंत दंडावर राही, आणि तुटला की ती तो नदीत सोडून येई.